मुकादमाची करंगळी

"मुकादमांना परत लागली बघ," गोदामाच्या काचेला नाक चिकटवून चष्मिष म्हणाला. "सकाळपासून दुसऱ्यांदा करंगळी. पण जागचे काही हलत नाहीत."

"पोट आवळून बसत असतील," ताई म्हणाली, पण तीही बघायला आली.

दोघं भावंडं सुट्टीत मामाकडे आली होती. मामा कापडाच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचा. मामेबहीण टिकली त्यांना रोज तिथे घेऊन जायची. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे, म्हणून सगळे हातांनी बोलत. पोटावर तळवा म्हणजे जेवायची वेळ, कपाळावर मूठ म्हणजे मालकीणबाई आल्या. मामाने खुणा शिकवल्या होत्या. करंगळी तेवढी शिकवली नव्हती.

मुकादमाच्या केबिनची भिंत छातीएवढी. तिच्या वर करंगळी ताठ केलेला नुसता हात दिसला आणि उंच्या विणकर उठला. नुकतीच कामाला लागलेली नवी बाई सुताच्या कांड्या आणायला गेली होती. तिच्या मागाच्या पाठीमागे तो क्षणभर वाकला आणि परतला.

बाईने येऊन माग सुरू केला, तर कापडात वीतभर भगदाड. मुकादम तरातरा आला. तिच्या तोंडासमोर त्याने दोन बोटं नाचवली, मग दाराकडे बोट केलं. दुसरी ताकीद. आणखी एक चूक, की घरी.

बाईचे डोळे भरले. शेजारच्या विणकराने लगेच खोटे डोळे पुसून दाखवले. पलीकडच्याने नाक शिंकरल्याची नक्कल केली. अख्खी रांग हसत सुटली.

"मुकादमाला तिच्या जागी मेहुणी आणायचीय," टिकली म्हणाली.

ताईने मामाला गाठून करंगळीचा अर्थ विचारला. पाना पुसत तो म्हणाला, "मोठ्यांच्या भानगडीत नाक खुपसू नका."

दुसऱ्या दिवशी मुकादम चहाला गेला, तसा चष्मिष केबिनमध्ये त्याचा खुंटीवरचा कोट चढवून स्टुलावर बसला. ताईने मालकीणबाईंना मागच्या दाराने आणून कापडाच्या ताग्यांआड उभं केलं. नवी बाई कांड्यांकडे वळताच टिकलीने रुमाल हलवला. भिंतीवर कोटाची बाही वर आली. करंगळी ताठ.

हात कोणाचा, हे उंच्याने पाहिलंही नाही. कात्री काढून तो धाग्यांवर वाकला आणि मालकीणबाईंनी त्याचं मनगट धरलं.

माग थांबले.

"मुकादमांनी सांगितलं म्हणून केलं," उंच्या पुटपुटला. मुकादम चहाचा कप घेऊन दारातच थिजला. दोघांनाही तिथूनच घरी धाडलं.

"शाब्बास," मालकीणबाई म्हणाल्या. "माझ्या चाळीस माणसांना जे दिसलं नाही, ते तुम्ही पकडलंत."

मामाने चष्मिषची पाठ थोपटली. "पोरांना डोकं आहे हां."

"दिसलं होतं," नवी बाई म्हणाली. मुलांनी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. "मी सोडून सगळ्यांना ती खूण कळत होती."

रांगेतलं कोणी वर बघेना.

"बाबा, तुम्हालाही?" टिकलीने विचारलं.

मामाने वळून मागांचं बटण दाबलं. खडखडाट सुरू झाला. टिकलीने त्याची बाही ओढून पुन्हा विचारलं, पण तो पेटीत पाना शोधत राहिला.