नावाची मालकीण

सासऱ्यांच्या दुकानाचं नाव बसवेश हार्डवेअर. बसवेश म्हणजे वर्षाराणीचा नवरा. तो पाळण्यात होता तेव्हाच ती पाटी रंगवलेली. बीडच्या धोंडीपुऱ्यातल्या दुकानदारांची पद्धतच ती, घरात लेकरू आलं की पाटीवर त्याचं नाव. म्हणून वर्षाराणीनंही ठरवलं, आपलं दुकान लेकीच्या नावानं काढायचं. फक्त तिचं दुकान रस्त्यावर नसणार होतं, इंटरनेटवर असणार होतं.

सन दोन हजारचा जून. औरंगाबादला बी.एस्सी. आणि वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेल्या या सुनेनं माजलगावच्या एका अडत्याला आणि मांजरसुंब्याच्या एका ढाब्याला वेबसाइट करून दिली होती. आता सासूबाई नीलाबाईंच्या गोधड्या पुण्या-अमेरिकेला विकायच्या. नाव, गिरिजा गोधडी. 'गिरिजा' तिनं पोटुशी असतानाच मनात धरलेलं. कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा. नणंद साखराबाईंचा पाय प्लास्टरमध्ये, आणि आत्याशिवाय नाव कोण ठेवणार? बारसं अडीच महिने लांबलं होतं.

दुकान दुपारी एक ते तीन बंद. घराची आणि दुकानाची फोनची लाइन एकच, ती तेवढाच वेळ मोकळी. पोर मांडीवर झोपलेली, तिच्या टाळूला खोबरेल तेलाचा वास. मोडेम खरखरला, लाइन लागली. तिनं वेबसाइटच्या नोंदणीच्या पानावर नाव टाकलं.

"बारशाआधी नाव काढू न्हाई बाई," खाली गोधडीला टाके घालत नीलाबाई म्हणाल्या.

"तोंडातून कुठं काढलंय, आत्याबाई? नुसतं टाइप केलंय."

पडद्यावर उत्तर आलं. हे नाव आधीच घेतलेलं आहे.

नुसतं 'गिरिजा' असतं तर ती समजली असती. जगात गिरिजा पुष्कळ. पण गिरिजा गोधडी? नावं आधीच अडकवून ठेवायची आणि मग गरजवंताला विकायची, असा धंदा करणारे लोक तिला ठाऊक होते. तिनं मालकाची नोंद उघडली.

मालक, गिरिजा बसवेश शेटे. पत्ता, धोंडीपुरा, बीड. फोन, तिच्या कोपराशी होता त्याच फोनचा नंबर. नोंदणी, तीन एप्रिल.

पोर जन्मली अकरा एप्रिलला.

तिनं वेबसाइट उघडली. पांढरं पान, त्यावर एकच फोटो. तो वरून खाली, पट्टी-पट्टीनं उमटत गेला. गोधडी होती. निळे काठ, मध्ये पिवळी चौकट, कोपऱ्यात वर्षाराणीच्या लग्नातल्या हिरव्या ब्लाउजचा तुकडा. तिनं खाली पाहिलं. नीलाबाईंच्या हातात तीच गोधडी होती, अर्धी झालेली. हिरवा तुकडा अजून पिशवीतच होता.

वर्षाराणीला भीती वाटायला हवी होती. तिला आला संताप.

"कुणापुढं बोललास?" बसवेश जेवायला आला तशी ती त्याच्यावर तुटून पडली. "त्या एसटीडीवाल्या त्रिंबकपुढं? स्टँडवर बसून नुसत्या चकाट्या पिटता!"

"काय बोललो?"

"पोरीचं नाव!"

"मला तरी कुठं सांगितलंस?" त्यानं घास तसाच हातात धरला. "काय ठेवायचंय नाव?"

तिचा राग आणखीच भडकला. माझ्या पोटची पोर, मी निवडलेलं नाव, आणि मालकी कुणाची?

दुसऱ्या दिवसापासून तिनं ते वेबसाइटचं नाव नोंदवणाऱ्या मुंबईच्या कंपनीला फोन सुरू केले. ग्राहक मंचात जाईन म्हणाली, वकिलाची नोटीस धाडीन म्हणाली. पलीकडचा माणूस आधी कंटाळला, मग घाबरला. सहाव्या दिवशी त्याचा आवाजच बदललेला होता.

"मॅडम, मालकीणबाईंशी बोललो. तुमच्याच नंबरवर."

"इथं कुणाचाही फोन आलेला नाही."

"बोललो ना मी. मागं खुळखुळा वाजत होता." त्यानं आवाज खाली आणला. "नाव द्यायला तयार आहेत. म्हणाल्या, एवढी चिडली हाय तर घेऊ दे तिला. फक्त बारशाच्या आधी घ्यायचं, असं म्हणाल्या."

बारसं रविवारी होतं. शुक्रवारी दुपारी ती पोरीला सासूबाईंकडं देऊन त्रिंबकच्या एसटीडी बूथवर गेली. फॅक्स मशीनमधून कंपनीचा गुळगुळीत, कोमट कागद बाहेर आला. या नावावरचे सर्व हक्क जुना मालक नव्या मालकाला कायमचे सोडून देत आहे.

त्रिंबकनं कागद उजेडात धरला. "वैनी, जुन्या मालकाची सही न्हाई हो. अंगठा हाय. इवलासा, हरभऱ्याएवढा."

"डाग असेल. पेन दे."

"पर रेघा दिसायल्यात—"

"त्रिंबकभाऊ, पेन!"

तिनं सही इतकी दाबून केली की कागद टोकाला फाटला. फॅक्स गेला. शनिवारी तिनं नोंद पाहिली. मालक, वर्षाराणी बसवेश शेटे. ती भांडून जिंकली होती. रात्री तिनं पोरीला छातीशी घेतलं आणि मनातल्या मनात गिरिजा म्हटलं. पोरीची नजर आढ्यावरच राहिली. एवढ्या लहान लेकराला काय कळतं, असं म्हणून तिनं दिवा घालवला.

रविवारी घर बायकांनी भरलं. घुगऱ्यांचा वाफाळ वास, मोगऱ्याचे गजरे. साखराबाई तोंडात विडा धरून लंगडत आल्या. वर्षाराणीनं नावाची चिठ्ठी त्यांच्या मुठीत दिली आणि घुगऱ्यांचं ताट घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मधे अख्खी खोली होती.

साखराबाई पाळण्यात वाकल्या. बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घालायला हात उचलले.

"कुर्रर्र..."

वर्षाराणीच्या उजव्या कानाला ऊन श्वास लागला. त्याला विड्याचा वास होता.

'गिरिजा.'

"ओ," ती म्हणाली.

बायका हसल्या. "तुला न्हाई गं, लेकीला!"

साखराबाई हसल्या नाहीत. त्या पाळण्यात बघत होत्या.

"वैनी, पोरीनं पापणी बी हलवली न्हाई. जागी हाय, पर..." त्यांनी पदर सावरला. "थांबा, परत सांगते."

"नका," वर्षाराणी म्हणाली. ताट हातातून सुटलं. घुगऱ्या फरशीभर घरंगळल्या.

साखराबाई पाळण्यात वाकल्याच.

तिनं उजवा कान तळहातानं गच्च दाबून धरला.

तळहाताखाली, कानाला लागून, ओठ हलले.