कॅप्टन खाडीचा रिकामा फुगा

वेसाव्याच्या कोळी महोत्सवात निशाने आईच्या स्टॉलबाहेरच्या फळ्यावर खडूने एक पापलेट काढलं होतं. पापलेटाच्या पाठीवर लाल झगा, कमरेवर दोन्ही मुठी, आणि तोंडावर असा आव की तव्याची काय बिशाद!

"हा उडत चाललाय कुठे?" मागून कुणीतरी विचारलं.

निशा वळली. चष्मा, विस्कटलेले केस आणि हातात कोळंबीचा द्रोण.

"तुमच्या ताटात," ती म्हणाली.

"म्हणजे हरला की बिचारा!"

"हरला कसला? स्वतःहून चाललाय."

तो मोकळेपणाने हसला. निशाला ते हसू आवडलं, आणि आवडलं म्हणून तिने उगाच खडू शोधायला मान खाली घातली. तव्यामागून तिची आई, अंजनाबाई ओरडली, "घ्याचं हाय का नुसतं बघाचं हाय?"

"घ्यायचंय, घ्यायचंय!" तो गडबडून म्हणाला. पण बघणं काही थांबलं नाही.

तो शौनक. मुलुंडचा. बँकेतली चांगली नोकरी सोडून सुपरहिरोंच्या कॉमिक्स लिहायचा. त्यामुळे वडील त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत. त्याचा हिरो कॅप्टन खाडी दिवसा दिंडोशीच्या कोर्टात कारकून असे, आणि अंधार पडला की खाडीच्या पाण्यातून उठून गुंडांची वाट लावी. हिरो झकास होता, फक्त त्याची चित्रं काढणारं कुणी मिळत नव्हतं. पापलेटाने ती सोय केली.

घाटकोपरच्या प्रकाशकाच्या छोट्या ऑफिसात दोघं बसू लागली. शौनकची पद्धत न्यारी होती. तो आधी संवाद लिहीतच नसे. उभा राहून सगळी मारामारी करून दाखवायचा — "धडाम! आणि हा पडला टाकीत!" — मग निशा पानं काढायची, बोलण्याचे फुगे रिकामे ठेवायची, आणि चित्रं बघून शौनक त्यांत शब्द भरायचा. ती पात्राची भुवई जराशी वर काढी, आणि तो तिच्या मनातलंच वाक्य नेमकं लिही. अशा वेळी निशा ते पान पुन्हा पुन्हा वाचायची.

"तुला कसं रे कळतं?" ती विचारायची.

"तुझी चित्रं बडबडी आहेत. तुझ्यासारखी."

"मी बडबडी? आणि तू मौनीबाबा ना!"

फक्त एक गोष्ट तिला खटकायची. कॅप्टन प्रत्येक अंकात शहर वाचवायचा आणि शेवटी एकटाच राहायचा.

"देऊन टाक ना रेवा त्याला," ती एकदा म्हणाली. रेवा ही कॅप्टनवर जीव टाकणारी मुलगी.

"वेडी आहेस? हिरोला घर मिळालं की गोष्ट संपली. त्याने नाहीच म्हणायचं असतं." शौनकने टाळीसाठी हात पुढे केला. निशाने टाळी दिली, हात मात्र जरा उशिरा काढला. त्याच्या ते लक्षातही आलं नाही... दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

अशात घरी कृणालचं स्थळ आलं. वेसाव्याचाच, स्वतःची होडी असलेला, शांत मुलगा. निशाने आईकडे रविवारपर्यंतची मुदत मागितली. शौनक एकदा 'थांब' म्हणाला, तर ती घरच्यांशी भांडायला तयार होती. पण मुलीनेच कसं विचारायचं? आणि तो हसला तर?

मग तिने जे हाताला येत होतं तेच केलं. नव्या अंकाच्या शेवटच्या पानावर बंदरात उभी रेवा काढली. कपाळावर निशाच्याच उडत्या बटा, कानात निशाचेच डूल. रेवाच्या फुग्यात, आजवर कधी न केलेली गोष्ट, तिने स्वतःच शब्द लिहिले: "घरचे लग्न ठरवतायत. जाऊ मी?" समोर कॅप्टन होता, आणि त्याचा फुगा रिकामा.

पान तिने पाठवलं. शनिवारी ते भरून परत आलं.

"जा, रेवा. या शहराला माझी गरज आहे. प्रेम माझ्या नशिबात नाही."

खाली शौनकचा मेसेज: "रेवाचा डायलॉग खतरनाक! वाचक रडतील बघ."

एक वाचक रडलीच. रविवारी तिने आईला होकार दिला.

साखरपुडा झाल्यावर ती पेढे घेऊन ऑफिसात आली. शौनकने पेढा घेतला, कशाचा ते ऐकलं, आणि तो पेढा हातातच राहिला.

"अगं पण... मला काहीच बोलली नाहीस!"

"विचारलं होतं. शेवटच्या पानावर."

त्याने ते पान पुढ्यात ओढलं: त्याच बटा, तेच डूल. मग त्याला सगळं समजलं, आणि चेहराच उतरला.

"मला वाटलं, सीन आहे. निशा, मी... मी नेहमी कॅप्टन काय म्हणेल तेच बघतो गं. ते पान वाचून मला कसंतरी झालं होतं, खरंच. तरी सवयीने लिहून मोकळा झालो."

"हो ना. झकास लिहिलंस."

"मग आत्ता सांगतो. नको जाऊस. मला आवडतेस तू... त्या पापलेटापासून."

हेच ऐकायला ती किती महिने झुरली होती! आता ऐकलं, आणि वरातीमागून आलेल्या घोड्याचं करायचं काय, ते तिला सुचेना. डोळे भरून आले. तिने ते पुसलेही नाहीत.

"मलाही तूच आवडायचास, शौनक. पण साखरपुड्याआधी कृणाल घरी आला ना, तेव्हा सगळ्यांदेखत त्याने मला सरळ विचारलं, 'मी चालेन का तुला?' कान लाल झाले होते त्याचे. मी हो म्हणाले. आता त्याला काय सांगू? की माझं उत्तर दुसऱ्यासाठी होतं?"

शौनकने हातातला पेढा टेबलावर ठेवला.

"आपल्या दोघांना तेवढंच जमलं नाही बघ," ती हळूच म्हणाली. "तोंडाने विचारायचं."

मग तिने पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला आणि पर्स खांद्याला लावली. चार वाजता कृणालची आई बांगड्यांचं माप घ्यायला घरी येणार होती, आणि त्या बाईंना थांबवून ठेवणं बरं दिसलं नसतं.