बेचाळिसावी ओळ

पटणार नाही कदाचित. पण सुदर्शन माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि त्याचा उजवा हात मी स्वतः पाहिलाय.

गेल्या मार्चमधला शुक्रवार. वाळूजचा एक कारखाना. दुपारचे साडेतीन.

काचेच्या केबिनमध्ये बसून सुदर्शन पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशिनचा प्रोग्रॅम तपासत होता. डीबगर, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं साधन, वीस वर्षं जुना. एक कमांड दिली की प्रोग्रॅम एक ओळ पुढं सरकायचा...

बेचाळिसाव्या ओळीवर मात्र ती कमांड अडकायची.

ती ओळ विचारायची : प्रेसखाली हात आहे का?

केबिनमधल्या सगळ्यांनी तोडगा काढला होता. एक्केचाळीसवरून थेट त्रेचाळीसवर, प्रेस खाली आणणाऱ्या ओळीवर, उडी.

दिवाळीआधी सुदर्शननं तशीच उडी मारली. तेव्हा प्रेसवरचा कामगार कचरू आत हात घालून डाय, म्हणजे खालचा साचा, पुसत होता.

प्रेस त्याच्या हातावर आली. तिसऱ्या दिवशी तो गेला.

"हात ओळखणारा सेन्सर कचरूनंच झाकला होता," सुदर्शननं चौकशीत सांगितलं.

आणि त्या शुक्रवारी...

ओळ ४०.

ओळ ४१.

ओळ ४२.

कमांड अडकली नाही.

स्क्रीनवर उत्तर आलं : हात आहे.

"शिवराज, आत बघ रे!"

शिवराज म्हणजे कचरूचा मेहुणा. आता प्रेसवर तोच. तो वाकला.

"कोन बी नाय, साहेब! तुमच्या डबड्याला म्हातारचळ लागला. करा की तुमचं न्हेमीचं!"

'नेहमीचं' म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

हात आहे.

पंखा फिरत होता. त्याचा आवाज येत नव्हता...

लोखंडावरून फडकं फिरल्यासारखं काहीतरी येत होतं. खस्... खस्...

कचरूचं खरं काय ते सांगायला शिवराज समोरच होता. एक वाक्य पुरलं असतं.

सुदर्शननं त्रेचाळीसवर उडी मारली.

प्रेस धाडकन खाली आली. रिकामी.

किंकाळी केबिनमधून आली.

प्रेस केबिनपासून तीस फुटांवर. सुदर्शनचा हात कीबोर्डवर... पुठ्ठ्यासारखा चपटा.

कीबोर्डवर ओरखडाही नव्हता.

"कुठल्या मशिनमध्ये सापडला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मशिनजवळ नव्हतेच वो साहेब," शिवराज म्हणाला.

मला सुदर्शननं सगळं सांगितलं. कचरूच्या बायकोला, सरूबाईला, अजून नाही. "नोकरी जाईल रे," म्हणतो.

परवा उस्मानपुऱ्यात त्याच्या घरी गेलो. "डाव्या हातालाही मुंग्या येताहेत," तो म्हणाला.

मी सरूबाईचा नंबर लावून फोन त्याच्यापुढं ठेवला. पलीकडून "हॅलो" आलं.

त्यानं फोन कापला. त्याच डाव्या हातानं.

आज सकाळपासून त्याच्या बायकोचे, अमृतावहिनींचे, चार फोन येऊन गेलेत.

मला उचलवत नाहीत.