शेंडे सरांना मुलगी आहे का?

“नागभीडवरून आलेल्या पुनमबाई... पुनमबाई, जिथी असान तिथून मंचाजवळ येजा बरं! तुमच्या मैत्रिणी इथी उभ्या हायेत, अन् त्याईले लय भूक लागली हाय!”

वडशाच्या ग्रंथोत्सवात, शाळेच्या मैदानावर भोंग्यातून माझं नाव असं घुमलं, तेव्हा मी एका स्टॉलवर लोणच्यांच्या पुस्तकात नाक खुपसून उभी होते. आजूबाजूचे लोक हसले. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं. नाव माझं होतं म्हणून नाही... आवाज त्याचा होता म्हणून.

आता हा ‘तो’ कोण, ते सांगायला हवं.

मी फ्रीलान्स लेखिका आहे. आमच्या गल्लीत याचा अर्थ ‘पोरगी फ्रीमध्ये लिहिते’ असा लावला जातो. लग्नाचे बायोडेटा, हॉटेलची मेनूकार्डं, ट्रॅक्टरच्या वेबसाइटवरचा मजकूर, जे सांगाल ते लिहून मिळेल. आणि थंडीत झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की वडशाच्या खुशालभाऊंच्या नाटक कंपनीसाठी गाडीवरच्या घोषणा. मी त्या व्हॉट्सअॅपवर पाठवते, खाली ‘पी. शेंडे’ लिहिते. पुढे त्या कोणाच्या हाती जातात, हे मला दोन हिवाळे माहीत नव्हतं. फक्त ऐकू यायचं.

मी लिहायची, ‘रसिकहो, अवश्य उपस्थित राहावे.’ आणि संध्याकाळी आमच्या घरावरून गाडी जायची तेव्हा भोंगा म्हणायचा, “येजा बरं! बुढ्याबाढ्यायले शाल पांघरून आणजा, थंडी लय हाय!”

माझं डोकंच फिरायचं. कोण हा? माझे शब्द बदलणारा हा कोण? आणि तरी रोज त्या वेळेला मी गच्चीवर असायची. वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला म्हणे! मिरच्या संपल्या, मग पापड, मग नुसतीच चटई. माझ्या मैत्रिणी चंचल आणि संघप्रिया दोघींना हे सगळं ठाऊक होतं.

“आवाजावर जीव लावून राह्यली हे पोरगी,” संघप्रिया म्हणायची. “मानूस पन्नाशीचा निघाला म्हणजे?”

चंचल त्याहून वाईट. “अवं, तो साऱ्या तालुक्याले ‘येजा’ म्हणते. ‘येजा’ तर पाहुण्यालेही म्हणतात. ज्या दिवशी तुले एकटीले ‘येजो’ म्हणन, त्या दिवशी मले सांगजो!” आमच्याकडे ‘येजा’ म्हणजे ‘या’, चारचौघांना म्हणतात ते; ‘येजो’ म्हणजे ‘ये’, फक्त आपल्या माणसाला.

मग मी चिडायची. चिडून एक दिवस खुशालभाऊंना निरोपही पाठवला — ‘निवेदकाने मजकूर शुद्ध वाचावा. शब्द बदलू नयेत.’ त्यांचा नुसता अंगठा आला. त्यानंतर गाडी आमच्या गल्लीत आलीच नव्हती, आणि आठवडाभर मला करमत नव्हतं.

तर आज आम्ही तिघी सकाळच्या गाडीने पुस्तकं पाहायला आलो होतो. मी स्टॉलमध्ये रमले आणि या दोघींनी मला हरवलेली ठरवून टाकलं.

मी मंचाजवळ गेले. प्लास्टिकच्या खुर्चीवर, गळ्यात चौकड्यांचा मफलर, हातात माईक घेऊन एक मुलगा बसला होता. पन्नाशीचा नव्हता. पंचविशीचाही जेमतेम असेल. थंडीने कानांच्या पाळ्या लाल झालेल्या... आणि डोळे असे, की बोलण्याआधीच हसून मोकळे.

“तुमीच का हरवलेल्या?”

“मी हरवली नव्हती. पुस्तक पाहून राह्यली होती.”

“हरवलेले सारे असंच म्हणतात.” त्याने शेजारची खुर्ची पुढे ओढली. “बसा. मी हेमराज.” स्वतःसाठी आलेला चहाचा कप त्याने माझ्यापुढे केला.

मागे पाहिलं, तर चंचल आणि संघप्रियाने आवाज ओळखला होता. दोघींचे चेहरे असे, जसं काही लग्नच ठरलं. “आमी भजे आणतो गिरजाबाईकडून!” म्हणून त्या पसार झाल्या. भज्यांची गाडी दहा पावलांवर होती, पण त्या काही लवकर परत येणार नाहीत हे मला कळून चुकलं.

“काय करता तुमी?” त्याने विचारलं.

“लिहिते...”

“अरे वा! मंग भेटाच आमच्या सरायले. शेंडे सर. आमच्या कंपनीच्या घोषणा लिहितात.”

माझ्या घशात चहा अडकला. “सर?”

“हाव ना. मी काई पाह्यलं नाई त्याईले. पण शब्दा-शब्दावरून समजते. रिटायर हेडमास्तर असतीन. पांढरं धोतर, नाकावर चष्मा, हातात छडी. ‘उपस्थित राहावे’!” त्याने आवाज जाड करून म्हटलं. “खुशालभाऊले इचारलं तर ते नुसते हसतात.”

मला हसावं की रडावं कळेना. पी. शेंडे, वय सव्वीस, धोतर कधीच नेसलेलं नाही.

“एवढे वाईट लिहितात?” मी विचारलं.

“नाई हो!” तो एकदम गंभीर झाला. माईक मांडीवर ठेवला. “एक ओळ लिहिली होती त्याईनं. ‘धान कापून झालं, हात मोकळे झाले, आता टाळ्या वाजवायला या.’ ते ओळ मी कधीच बदलवली नाई. गाडी बांदीतून, वावरातून जात असते, कापलेल्या धानाचा वास येत असते, अन् ते ओळ आली का मी आवाजच खाली घेतो... ज्याच्या मनात हे ओळ आली, तो मानूस कडक नसन. वरून दाखवते फक्त.”

मी चहाच्या कपात बघत राहिले. माझ्याविषयी इतकं नेमकं आजवर माझी आईही बोलली नव्हती.

“मी तर खुशालभाऊले म्हटलं,” तो पुन्हा हसला, “सरायले पोरगी असन तर...”

“असन तर काय?”

“...तर इचारून पाहा.”

“न पाहताच?”

“ओळ पाह्यली ना!”

मैदानात धूळ होती, ऊन होतं, शाळेची पोरं ओरडत होती. मला त्यातलं काहीच ऐकू येईना. अगदी जिभेच्या टोकावर आलं, की सांगून टाकावं. पण तेवढ्यात त्याने मफलरचं टोक बोटाला गुंडाळत म्हटलं, “पण आता कायचं. हा सीझन झाला का मी बंद करून राह्यलो हे काम.”

“काऊन?”

“सरायचा निरोप आला. शुद्ध वाचा म्हणे. आता आपली जीभ झाडीची. शुद्ध वाचाले गेलो तर आवाजच निंघत नाई. बरोबर हाय त्याईचं... लिहिणाऱ्याच्या शब्दाले हात लावाले नाई पाह्यजे. भावाची राईस मिल हाय, तिथी बसन.”

तो हसतच बोलला. पण बोलताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मला इतकं वाईट वाटलं, की भजी घेऊन आलेल्या चंचलने पुढे केलेला कागद मी हातात धरून नुसती बसून राहिले. एका रागाच्या निरोपाने मी त्या आवाजाला मिलच्या भुशात लोटलं होतं. सांगितलं तर ‘ते कडक सर’ म्हणजे मीच, हे त्याला कळणार. मग हे हसरे डोळे माझ्याकडे कसे बघतील? आणि नाही सांगितलं तर पुढच्या हिवाळ्यात मी गच्चीवर कशासाठी जायचं?

इतक्यात संयोजकांनी येऊन सूचना दिली. हेमराजने माईक उचलला आणि ती वाचली, अगदी शब्दाला शब्द. “सर्व ग्रंथप्रेमींनी बहुसंख्येने उपस्थित राहून या सुवर्णसंधीचा लाभ घ्यावा.”

एकानेही मान वर केली नाही. आवाज तोच, पण शाळेत उभं राहून पाढे म्हटल्यासारखा. हे माझं ‘शुद्ध’ होतं! मला ते ऐकवेना.

“इकडे द्या,” मी म्हटलं आणि त्याच्या हातातून माईकच घेतला. संघप्रियाच्या तोंडातलं भजं तोंडातच राहिलं.

“पुस्तक हातात घेऊन पाहाले पैसे लागत नाई हो!” मी बोलले. माझाच आवाज मैदानभर घुमत होता. “धान कापून झालं, हात मोकळे झाले... आता त्या हातात एक पुस्तक घेऊन पाहा. येजा बरं! लेकरायले संगं आणजा, मायलेही आणजा. ज्याईले वाचता येत नाई, त्याईले वाचून दाखवजा!”

भज्यांच्या गाडीपाशी उभ्या दोन बायका खरंच पदर सावरत स्टॉलकडे वळल्या. हेमराज माझ्याकडे टक लावून बघत होता. मी बटण दाबलं, माईक खाली घेतला आणि श्वास घेऊन एका दमात बोलले —

“ते शुद्ध वाचाले सांगणारी मीच हाय. पी. शेंडे. सरायले पोरगी-बिरगी काई नाई. सर अन् पोरगी एकच हाय... आता इचारा काय इचाराचं ते!”

मैदानातल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मग हशा... असा हशा, की शाळेच्या कौलांवरची पाखरं उडाली. मी बटण दाबलं होतं खरं, पण चुकीचं. भोंग्याने प्रत्येक शब्द वडशाला सांगितला होता.

“इचार ना रे बापू!” गिरजाबाई झारा उंचावून ओरडल्या. “भजे थंडे होऊन राह्यले!”

हेमराजच्या कानांची लाली आता गालांवर आली. त्याने हळूच माझ्या हातातून माईक घेतला, नीट बंद केला, दोनदा तपासला.

“म्हणजे... धोतर नाई?”

“नाई.”

“छडी?”

“ते आणता येईन.”

तो हसला. मग जरा थांबून, खाली बघत, “अन् ते... शुद्ध?”

“मी वापस घेतलं. तुमी बदलवता म्हणून तर लोक येतात. मीही... ऐकाले गच्चीवर येते ना...”

“चटई घेऊन,” चंचलने वाक्य पूर्ण केलं.

“मिलवर जाल?” मी विचारलं.

“आता मले टाइम कुठी हाय मिलवर जाले?” तो म्हणाला.

एवढंच. त्याने पुढे काही विचारलं नाही. परतीच्या गाडीची वेळ झाली. स्टॉलवर पडलेलं लोणच्यांचं पुस्तक मी दाखवलं, ते त्याने विकत घेऊन माझ्या हातात दिलं आणि त्याला घोषणेच्या गाडीवर जायचं आहे म्हणून मैदानातूनच निरोप घेतला. साधा, “बरं... येजा.” मी मान हलवली. ‘येजा’! पाहुण्याला म्हणतात तसं. स्टेशनवर पोचेपर्यंत माझा चेहरा उतरला होता.

“होते हळूहळू,” संघप्रिया माझी समजूत घालत होती. “पह्यल्या दिवशी मानूस लाजते.”

गाडी प्लॅटफॉर्मवर लागली. आम्ही खिडकीशी बसलो. उन्हं कलली होती, बाहेर तांदळाच्या पोत्यांची गाडी रिकामी होत होती. आणि स्टेशनबाहेरच्या रस्त्यावरून ओळखीचा भोंगा जवळ आला.

“...वडसेकर मंडळी, आज रात्री नाटक हाय, साऱ्यानं येजा! शाल आणजा, बुढ्याबाढ्यायले आणजा!” मग आवाज खाली आला, धानाच्या त्या ओळीला येतो तसा. “अन् नागभीडवाले सर... गाडी सुटाची हाय, म्हणून आताच सांगतो... पुढच्या आयतवारी... तू येजो.”

डब्यातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. चंचलने माझा हात इतका आवळला की बांगडी फुटली.

गाडी हलली. मी खिडकीतून अर्धी बाहेर झुकले, भोंग्याची गाडी कुठे दिसते का बघत, आणि सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडले —

“येते!”