बोलेल त्याला एक बाटली

ओफोसूची आणि माझी पहिली भेट झाली ती माझी पँट फाटली म्हणून. हसू नका. ताकोराडी बंदरात मी पायलट आहे, बाहेरून आलेलं जहाज सुखरूप धक्क्याला लावायचं हे माझं काम. त्यासाठी चालत्या जहाजावर दोराच्या शिडीने चढावं लागतं. त्या दिवशी वरून पाऊस, खालून लाटा, आणि अर्ध्या शिडीवर... टर्रर्र! पुढचं जहाज चाळीस मिनिटांवर होतं. कमरेला रेनकोट गुंडाळून मी फाटकाबाहेरच्या पहिल्याच शिंप्याच्या दुकानात घुसले.

"लगेच शिवून हवीय."

गळ्यात टेप अडकवलेल्या त्या उंच माणसाने एकदा रेनकोटकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ओठ गंभीरच होते. डोळे मात्र हसत होते.

"शुक्रवारी या, कॅप्टन."

"तोवर काय अशीच फिरू?"

"माझी काही हरकत नाही..."

मी असं काही बघितलं त्याच्याकडे, की दहा मिनिटांत पँट तयार! तेवढा वेळ तो शहाण्यासारखा पाठ करून बसला होता.

मग मी त्याच्याकडेच नवा गणवेश टाकला. चार शुक्रवार गेले तरी तो होईना. माझ्या सहकाऱ्याचा शर्ट मात्र दोन दिवसांत मिळाला.

"माझाच का रखडतोय?" मी तडकून विचारलं.

"एकदा दिला की... तुम्ही कशाला याल?"

कान गरम झाले माझे! पाचव्या शुक्रवारी मी गणवेश घेतला आणि तरीही गेले. मग जातच राहिले. भुईमुगाचं सूप तो फार छान करायचा. 'कधी येशील' असं त्याने कधीच विचारलं नाही. 'आज किती जहाजं?' एवढंच विचारायचा आणि त्या हिशेबाने सूप गरम ठेवायचा. मी प्रेमात पडले, दुसरं काय!

वर्षाने दार ठोठावायचा, म्हणजे मुलाकडच्यांनी बाटल्या घेऊन मागणी घालायला येण्याचा दिवस ठरला, शनिवार. आणि गुरुवारी पत्र आलं. टेमा बंदराची मुख्य पायलट! दहा वर्षं याच जागेवर डोळा होता माझा. पण टेमा बसने पाच-सहा तासांवर. शुक्रवारी ओफोसूला सांगायला दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला.

"सेरवा, उद्या तोंड उघडू नकोस," मावशीने बजावलं. "आधी बाटल्या घरात येऊ देत. मग सांग काय सांगायचं ते."

शनिवारी सकाळी त्याची माणसं आली, दारूच्या दोन बाटल्या मांडल्या. आमच्यात नवरा मुलगा गप्प बसतो, त्याच्या वतीने मोठी माणसं बोलतात. त्याने तोंड उघडलं तर दंड, एक बाटली. बाटल्या घेतल्या की लग्नाला होकार, आणि ते विचारतात मुलीला. तीनदा.

"सेरवा, घेऊ का या बाटल्या?" मामाने विचारलं.

"घ्या."

"घेऊ का?"

ओफोसू माझ्याकडे बघत होता, इतक्या विश्वासाने... माझ्याच्याने राहवेना.

"थांबा मामा. मला टेमाला मुख्य पायलटची जागा मिळालीय. मी जाणार आहे. आणि मला ओफोसूही हवाय. एक झाकून ठेवून दुसरं घेणार नाही मी."

मावशीने कपाळाला हात लावला. ओफोसूचा काका उसळला, "बायको टेमाला, नवरा इथे? मग याला करून कोण घालणार?"

"आत्ता तरी तिलाच मी घालतोय!" ओफोसू म्हणाला.

"एक बाटली!" मामा ओरडला.

"आणि टेमाचे लोक काय कपडे घालत नाहीत? एक मशीन तिकडे टाकीन."

"दोन!"

"एक आठवडा काम, एक सुट्टी असते," मी घाईने म्हणाले. "सुट्टीत मी इथे."

"कामाच्या आठवड्यात मी तिकडे."

"तीन! अरे, दुकान विकायचंय का तुला?"

सगळे हसले. ओफोसू मात्र हसला नाही. हळूच म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंस?"

ही बाटली मामाने मोजली नाही.

"भीती वाटली... तू नाही म्हणशील अशी."

"विचारून तर बघायचंस."

खरंच की. मुलीला तीनदा विचारतात, मुलाला कोणी एकदाही विचारत नाही. मी उठून त्याच्यासमोर उभी राहिले.

"जहाज आलं की जेवण टाकून पळणारी बायको चालेल?"

"चालेल."

"सणासुदीलाही?"

"चालेल."

"आणि उद्या याहून मोठी जागा मिळाली तर?"

"तर तिसरं मशीन घ्यावं लागेल," तो म्हणाला, आणि आता कुठे हसला.

मामा बोटं मोजत बसला होता, तिसऱ्यांदा विचारायचं विसरूनच गेला. त्याची वाट कोण बघतंय! दोन्ही बाटल्या मीच उचलल्या आणि आत नेऊन ठेवल्या.