शहाडच्या वळणावर हेमा थांबली

बसा रे नीट. ऋतुराज, तो मोबाइल उलटा ठेव. आणि उर्वी, घाबरलीस तर घाबरलीस, मध्येच उठून जायचं नाही. मी सगळी नोकरी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासण्यात घालवली. लोक किती खोटं बोलतात ते मला चांगलं ठाऊक आहे. आपल्या वर्तकनगरची हेमा खोटं बोलत नाही.

गेल्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. हेमा तिच्या आत्याकडे शहाडला उद्यापनाला गेली होती. पुरणपोळी खाऊन, गप्पा मारून निघाली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. प्रसादाची पिशवी तिने डिकीत टाकली आणि एकटीच ठाण्याकडे निघाली.

शहाडला नदीकडे एक अंधारं वळण आहे. तिथली रीत अशी, की कुणी हात केला तर थांबायचं नाही. लांब हॉर्न द्यायचा आणि सुटायचं. का, तर म्हणे तिथे एकजण दिसतो. बऱ्याच वर्षांपूर्वी गाडी उलटली आणि तो उजाडेपर्यंत तसाच पडून राहिला. मला तर या रीतीचा संताप येतो. भुताच्या नावाखाली पोलिसांची कटकट टाळायची, दुसरं काय!

हेमाच्या पुढच्या गाड्या हॉर्न देत सुटल्या. हिने ब्रेक मारला. रस्त्यात आडवी बाइक, बाजूच्या गवतात एक कॉलेजातला पोरगा, आणि त्याच्याजवळ हाफ शर्टातला एक माणूस उभा.

"मेलाय तो. जा ताई," माणूस म्हणाला.

हेमा वाकली. श्वास चालू होता, दंडातून रक्त वाहत होतं. तिने ओढणी काढून घट्ट बांधली. पोरगा अर्धवट शुद्धीवर आला, तसा त्याला खांद्याचा आधार देत उठवला. "अहो, बघताय काय? हात लावा ना जरा!" ती ओरडली.

तिथे कुणी नव्हतं.

तिने एकटीनेच पोराला मागच्या सीटवर टेकवलं आणि गाडी काढली. लगेच शेजारच्या सीटच्या बेल्टचा अलार्म सुरू झाला, कुणी बेल्ट न लावता बसलं की वाजतो तो. टिंग... टिंग... टिंग...

नाही उर्वी, पिशवी डिकीत होती. सांगितलं ना. शेजारची सीट रिकामी होती.

मग आवाज आला. शेजारून.

"पोलीस तुम्हालाच धरतील, ताई."

पण हेमा सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीला घाम फोडते. म्हणाली, "नाही धरत. मदत करणाऱ्याला नावपण सांगायची सक्ती नाहीये. कायदाच आहे तसा."

टिंग... टिंग...

"कोर्टात खेटे घालाल..."

"साक्ष द्यायची की नाही ते माझं मी ठरवणार. आणि मी देणार."

"गाडीला रक्त लागलंय. तुम्हीच ठोकलंत म्हणतील."

"म्हणू देत!"

मागे पोरगा कण्हला. मग तेही थांबलं.

"गेला तो... सोडा त्याला..."

"नाही सोडणार."

नुसतं टिंग... टिंग...

मग अगदी बारीक आवाजात...

"माझ्यासाठी... कुणी थांबलं नाही."

हेमाला रडू फुटलं. भीतीने नाही, रागाने, असं तिनेच मला सांगितलं. रडत रडतच ओरडली, "मी थांबले असते! कळलं? आता गप्प बसा. आणि बसायचंच असेल तर बेल्ट लावा."

...

खट्.

टिंग थांबलं.

कल्याणच्या हॉस्पिटलात पोराला स्ट्रेचरवर घेतलं. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले. वाचला तो. तुम्ही कोण, असं विचारल्यावर हिने पत्त्यासकट नाव सांगितलं, ठणकावून. सक्ती नव्हती, तरी.

मग ती गाडीपाशी आली. पुढचं दार उघडलं.

रिकाम्या सीटवर बेल्ट लावलेला होता.

पण तो सीटला टेकला नव्हता रे... पट्टा ताठ होता, हवेत. आणि मागे, सीटपर्यंत, एका माणसाएवढी जागा.