गोजरबाईचा कोपरा

कळमनुरीच्या मुसाफिर बंगल्याचं कुलूप काढण्याआधी संतराम न चुकता खाकरायचा. आत कुणी नाही हे त्यालाही ठाऊक होतं, पण वर गच्चीवर कुणी असलंच तर तिला आपली चाहूल लागलेली बरी, असं त्याचं म्हणणं. गावातले लोक हसत. हसोत बापडे! ज्याची बायको गेली, त्याला थोडं वेडं व्हायची मुभा असते.

बंगला निजामाच्या तामिरात खात्यानं, म्हणजे सडका आणि सरकारी इमारती बांधणाऱ्या खात्यानं, नांदेडच्या सडकेवर लिंबाच्या झाडांत बांधलेला. भिंती दगडी, पुढं ऐसपैस व्हरांडा आणि वर चुन्याची गच्ची. त्या काळी गच्ची हे बायकांचं काम होतं. बैलाच्या घाणीत दळून मळलेला चुना, त्यात विटांचा चुरा, वरून गुळाचं आणि बेलफळाचं पाणी. मग बायका जोडीजोडीनं समोरासमोर बसत आणि लाकडी चोपण्यांनी तो चोपत. एकीची थाप पडली की तिच्या समोरचीची. चुन्याचा दगड होईपर्यंत हात थांबायचा नाही.

संतरामची बायको गोजरबाई त्या बायकांत पुढं असायची. तिनं चोपलेली गच्ची गळत नाही, अशी तिची ख्याती. तिच्या स्वतःच्या घराचं मातीचं माळवद मात्र दर पावसाळ्यात गळायचं आणि घरभर भांडी मांडावी लागायची. रात्री चुन्यानं उललेल्या हातांना तेल चोळत ती म्हणायची, "सरकारचं येवढं होऊ द्या, मंग आपल्या घराचं करू. तुमाला समोर बसावं लागंल बरं का. एकटीच्यानं व्हनार न्हाई."

बंगल्याचा उगवतीकडचा कोपरा तेवढा उरला होता. तो चोपता चोपता तिला ताप भरला आणि तापातच ती गेली. आता, चोपणाऱ्या बायकांची एक रीत होती. जिनं कोपरा धरला तिनंच तो पुरा करायचा, दुसरीनं हात लावायचा नाही. त्यामुळं तो कोपरा तसाच राहिला, वरून नुसता चुना फिरवला गेला. संतरामनं तिचं चोपणं तिच्या सरणावर ठेवलं, घराला कुलूप घातलं आणि बंगल्याची चौकीदारी धरून व्हरांड्यातच पथारी टाकली.

पुढच्याच उन्हाळ्यात, भर दुपारी, त्यानं ते पहिल्यांदा ऐकलं. वर उगवतीकडं... ठप्. मग जराशी उसंत. मग पुन्हा ठप्. ती उसंत समोरच्या बाईच्या थापेसाठी सोडलेली होती, हे त्याला ऐकताक्षणी कळलं. ओल्या चुन्याचा आणि गुळाचा वास व्हरांड्यात उतरला. शिडी लावून तो वर गेला. गच्ची तव्यासारखी तापलेली आणि तो कोपरा तेवढा गार, ओलसर. वर चिटपाखरू नव्हतं.

तो घाबरला, खोटं कशाला सांगा. पण माणूस भीतीलाही सरावतो, आणि ही भीती तर घरचीच होती. पुढं पुढं तो भाकरीचं फडकं त्या कोपऱ्याखालीच सोडू लागला. "अंबाडीची भाजी हाय आज," तो वर बघून सांगायचा. "तुझ्यावानी न्हाई जमली." वरून ठप् आलं की त्याच्या घशाखाली घास उतरायचा.

मोठी लढाई संपली त्या सुमारास व्यंकटराव नावाचे नवे ओव्हरसियर आले. त्यांनी खोलीतल्या भिंतीवरची ओल पाहिली, वर जाऊन कोपरा ठोकून पाहिला आणि म्हणाले, "संतराम, हा कोपरा उकरून पुन्हा बराबर चोपायचा. यंदा पाणी मुरलं तर भिंत बसेल. मग बंगला पाडा असंच मला वर कळवावं लागेल."

कोपरा पुरा केला तर ती जाणार. तसाच ठेवला तर बंगलाच जाणार, आणि त्याच्याबरोबर तीही. चार दिवसांनी त्यानं चोपणाऱ्या बायकांना निरोप धाडला.

चोपायला भागाबाई आली. गोजरबाईच्या समोर बसून जन्मभर गच्च्या चोपणारी तीच. पण ती शिडीपाशीच थांबली. "तिचा कोपरा हाय, दादा. घरच्या मानसानं तिला सोडवल्याबिगर आमी हात लावनार न्हाई. वर जा अन् म्हना, काम झालं, उतर खाली. येवढंच म्हना. त्याच्यापुढं येक बोल नको."

संतराम वर गेला. ओल्या कोपऱ्यावर त्यानं तळवा टेकला. "काम झालं, गोजर," तो म्हणाला. "उतर खाली." इतकंच म्हणून वळायचं होतं. पण इतक्या वर्षांचं एकटेपण एकदम दाटून आलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "...घरी चल."

खाली भागाबाईनं तोंडाला पदर लावला. "दादा... हे काहून म्हनलात?"

"मंग जाईल कुठं ती?" संतराम म्हणाला.

कोपरा चोपून झाला. इतर गच्चीसारखाच तोही तापू लागला आणि वरचा आवाज थांबला. व्यंकटराव खूश झाले, बंगला वाचला. दुपारी संतराम भाकरी सोडून बसायचा आणि तशीच बांधून ठेवायचा. शेवटी एका संध्याकाळी त्यानं बंगल्याला कुलूप लावलं आणि तो घराकडं निघाला.

दिवेलागण झाली होती. घराचं कुलूप गंजलेलं, पण जागचं हललं नव्हतं. आत जाऊन त्यानं चिमणी लावली, आणि त्याला वास आला. ओला चुना. गूळ. मग वर माळवदावर... ठप्. चिमणीच्या काचेवर थोडी माती सांडली.

संतरामच्या डोळ्यांना पाणी आलं. "आलीस व्हय," तो हळूच म्हणाला. मग तो परसात गेला. कुडाकडेला वर्षानुवर्षं आडवी पडलेली शिडी भिंतीला उभी लागली होती. तिच्या पायथ्याशी एक चोपणं टेकवून ठेवलं होतं. त्याची एक बाजू जळून कोळसा झाली होती.

वर एक थाप पडली. मग उसंत आली, आणि या वेळी ती संपेचना.

"थांब गं... आलो," म्हणत संतराम वाकला आणि त्यानं चोपणं उचललं. दांडा अजून गरम होता.